रास्कोलनिकोव्हला सोप्यात बसवताना: एक रशियन कादंबरी मिळून वाचण्याची रीत

दोस्तोयेव्हस्की यांची ‘गुन्हा आणि शिक्षा’ ही कादंबरी उत्साहाने हाती घेऊन पहिला भाग संपताच बाजूला ठेवलेली बरीच माणसे मला बेळगाव, खानापूर आणि निपाणी या भागांत भेटली आहेत. पुस्तक अवघड होते म्हणून सुटले, असे त्यांच्यापैकी फार थोडे सांगतात. गहाणवटीवाल्या म्हातारीचा खून करणारा तिचा तरुण नायक रास्कोलनिकोव्ह नको तितका ओळखीचा वाटू लागला आणि त्याविषयी बोलायला जवळ कोणी नव्हते, असे सांगणारेच अधिक आहेत. ही कादंबरी चारचौघांनी मिळून वाचावी असे मला वाटते ते याच कारणाने. आम्ही ती शहापुरातल्या एका घराच्या सोप्यात आजवर दोन वेळा अथपासून इतिपर्यंत वाचली. पहिल्या वेळी बैठक फसली, दुसऱ्या वेळी जमली, आणि त्या दोन्ही वेळच्या अनुभवांतून हाती आलेली रीत इथे मांडत आहे. ज्यांना आपल्या गावात, वाचनालयात किंवा घरातच असे वाचन सुरू करायचे आहे, त्यांना ती उपयोगी पडावी.

प्रती, माणसे आणि दिवस

सर्वांकडे एकच प्रत असली पाहिजे, असा आग्रह धरू नये. आपल्या भागात एकाच घरातला थोरला मराठी शाळेत शिकलेला असतो आणि धाकटा कानडी किंवा इंग्रजी शाळेत; त्यामुळे ज्याला जी भाषा डोळ्यांनी सहज वाचता येते, त्याने त्या भाषेतली प्रत आणावी आणि चर्चा मात्र मराठीत करावी. इंग्रजीत वाचणाऱ्यांसाठी कॉन्स्टन्स गार्नेट यांचा १९१४ सालचा अनुवाद इंटरनेटवर विनामूल्य मिळतो. प्रत कोणत्याही भाषेतली असो, ती संक्षिप्त नाही ना, एवढे आधी तपासावे. मूळ कादंबरीचे सहा भाग आणि एक उपसंहार आहे. पहिल्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात नायकाच्या आईचे एक लांबलचक पत्र येते, जे जवळजवळ सगळे प्रकरण व्यापते. ते पत्र आपल्या प्रतीत एका पानात आटोपले असेल, तर ती प्रत बाजूला ठेवून दुसरी शोधावी, कारण कथानक त्या प्रतीत शिल्लक राहिले असले तरी माणूस त्यातून गळून गेलेला असतो.

माणसे आठ ते बारा असावीत. त्याहून अधिक झाली तर लाजाळू माणूस शेवटपर्यंत तोंड उघडत नाही. वयांची सरमिसळ मुद्दाम करावी. या कादंबरीत कर्ज काढणारी आई आहे, पैशाअभावी शिक्षण सुटलेला मुलगा आहे, लग्नाला निघालेली बहीण आहे आणि दारूपायी नोकरी घालवलेला बाप आहे, तेव्हा सगळेच विशीतले किंवा सगळेच निवृत्त अशी बैठक तिला पुरी पडत नाही.

बैठका आठ ठेवाव्यात, पंधरवड्याला एक. पहिल्या भागाला दोन, पुढच्या पाच भागांना प्रत्येकी एक आणि उपसंहाराला एक, अशी विभागणी आम्हाला सोयीची गेली. तारखा ठरवताना गावाचे पंचांग पाहावे लागते. खानापूर तालुक्यातली माणसे येणार असतील तर भाताची लावणी आटोपल्याशिवाय सुरुवात करू नये, आणि गणपतीच्या दिवसांत बैठक धरली तर सोप्यात यजमानाशिवाय कोणी नसते. आम्ही ऑगस्टच्या सुरुवातीला आरंभ करून दिवाळीच्या सुमारास संपवतो. यात एक गोष्ट मात्र सांगून ठेवावी लागते. कादंबरी जुलैच्या सुरुवातीच्या असह्य उकाड्यात सुरू होते, आणि बाहेर कपडे वाळत नाहीत अशा पावसात बसून ती वाचणाऱ्याला त्या उकाड्याचा विसर पडतो. आपल्याकडचा वळवाच्या आधीचा चैत्र-वैशाख आठवून पीटर्सबर्गचे ते रस्ते वाचावेत. तिथल्या धुळीला, चुन्याला आणि दारूच्या गुत्त्यांच्या वासाला लेखकाने वेळोवेळी जागा दिली आहे.

नावांचा तक्ता

रशियन नावांनी वाचक दचकतो, आणि मराठी वाचकाने तर दचकण्याचे काहीच कारण नाही. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही आपलीच पद्धत तिथेही आहे. रोडियन रोमानोविच रास्कोलनिकोव्ह म्हणजे रोमान यांचा मुलगा रोडियन, आडनाव रास्कोलनिकोव्ह. त्याची बहीण अवदोत्या रोमानोव्हना, म्हणजे त्याच रोमान यांची मुलगी. एवढे एकदा सांगितले की नात्यांची निम्मी गुंतागुंत सुटते. मात्र फसगतही होऊ शकते. गहाणवटीचा धंदा करणारी म्हातारी अल्योना इवानोव्हना आणि लिझावेता इवानोव्हना या सावत्र बहिणी आहेत, दोघींचा बाप एक आणि आया वेगळ्या. पण दारूपायी नोकरी घालवलेल्या मार्मेलादोव्हची बायको कातेरिना इवानोव्हना त्यांची कोणीही लागत नाही, तिच्या वडिलांचे नावही इवान होते इतकेच. तपास अधिकारी पोर्फिरी पेत्रोविच याला तर कादंबरीत आडनावच दिलेले नाही.

लाडकी नावे वेगळ्या रकान्यात लिहावीत. रोडियनचा रोद्या, अवदोत्याची दुन्या, मार्मेलादोव्हची मुलगी सोफिया हिची सोन्या. आपल्याकडे परशरामचा परश्या होतो त्यात थोडी दटावणी असते, रशियन लाडक्या नावांत बहुधा माया असते, हा फरक सांगावा. आपल्या कानाला ‘सोन्या’ हे मुलाचे लाडाचे नाव वाटते, म्हणून आम्ही चर्चेत ‘सोनिया’ म्हणतो आणि इथेही तसेच लिहीत आहे.

दोन आडनावांचे अर्थ आधीच सांगितले तरी रसभंग होत नाही. ‘रास्कोल’ म्हणजे फूट, दुभंग. १७व्या शतकात रशियन चर्चमध्ये पडलेल्या मोठ्या फुटीला हाच शब्द वापरतात. नायकाचा मित्र रझुमिखिन याच्या नावात ‘रझुम’, म्हणजे सारासार बुद्धी आहे.

पहिली बैठक: खोली, घड्याळ आणि पत्र

पहिल्या वेळी मी इथेच चुकलो. १८६१ साली रशियात भूदासांची मुक्तता कशी झाली इथपासून मी सुरुवात केली, चाळीस मिनिटे बोललो आणि शेवटी विचारले की दोष रास्कोलनिकोव्हचा की परिस्थितीचा. सोप्याचे ताबडतोब दोन तट पडले, शाळेतल्या वादविवाद स्पर्धेसारखी भाषणे झाली आणि संपूर्ण संध्याकाळ एकानेही पुस्तक उघडले नाही. पुढच्या बैठकीला निम्मी माणसे आली नाहीत.

म्हणून पार्श्वभूमी दहा मिनिटांत आटोपावी. ही कादंबरी १८६६ साली एका रशियन मासिकातून क्रमशः आली, तेव्हा लेखक स्वतः कर्जात बुडालेला होता. त्याआधी १८४९ साली सरकारविरोधी मंडळात बसल्याबद्दल त्याला अटक झाली होती, त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याला वधस्तंभासमोर उभे करून ऐन वेळी शिक्षा बदलण्यात आली आणि पुढची चार वर्षे त्याने सैबेरियातल्या ओम्स्कच्या तुरुंगात काढली. एवढे पुरे. त्यानंतर दोषाचा, नीतीचा, न्यायाचा एकही प्रश्न पहिल्या दोन बैठकांत विचारू नये. फक्त वस्तू पाहाव्यात.

आधी खोली. ती पाच मजली घराच्या छपराखाली आहे, जेमतेम सहा पावले लांब, पिवळट कागद भिंतींवरून सुटत आलेला, आणि उंच माणसाला डोके आपटेल की काय असे वाटावे इतकी बुटकी. कोणाला तरी सोप्यात सहा पावले चालून दाखवायला सांगावे. आमच्याकडे एका मुलाने ती चालून दाखवली आणि त्याचा पाय सहाव्या पावलाला चपलांच्या ढिगाजवळ थांबला, तेव्हा सगळे त्या अंतराकडे बघत राहिले. बेळगावात किंवा पुण्यात कॉट बेसिसवर राहून शिकलेल्यांना त्यापुढे काही समजावून सांगावे लागत नाही. मग रस्ता. त्या खोलीच्या घराच्या फाटकापासून म्हातारीच्या घरापर्यंत बरोबर ७३० पावले आहेत, आणि ती त्याने आधीच मोजून ठेवलेली आहेत. प्रत्येकाने पुढच्या बैठकीपर्यंत आपल्या दारापासून ७३० पावले चालून कुठे पोहोचतो ते पाहून यावे. आमच्यातला एक जण गल्लीतली पिठाची गिरणी ओलांडून मारुतीच्या देवळापर्यंत गेला. आपण रोज सहज जातो तेवढ्याच अंतरावर हे सगळे घडते, हे पायांना कळते.

त्यानंतर घड्याळ. रास्कोलनिकोव्ह वडिलांचे चांदीचे जुने घड्याळ गहाण ठेवायला जातो. म्हातारी दीड रुबल देऊ करते आणि व्याज आगाऊ कापून घेते. हा हिशेब कोणाला तरी कागदावर मांडायला लावावा. आमच्या मंडळात एक निवृत्त सराफ येतात, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेनाने आकडे लिहिले. रुबलाला महिन्याला १० कोपेक, म्हणजे दरमहा शेकडा १०. दीड रुबलावर १५ कोपेक, आधीच्या २ रुबलांचे राहिलेले २० कोपेक, एकूण ३५. दीड रुबलातून ३५ कोपेक वजा जाता हाती आला १ रुबल १५ कोपेक. अण्णांनी त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या, कागद घडी करून खिशात ठेवला आणि त्या संध्याकाळी पुन्हा बोलले नाहीत.

बैठकीचा उरलेला सगळा वेळ आईच्या पत्राला द्यावा. ते मोठ्याने वाचावे, आणि शक्य असल्यास आईच्या वयाच्या बाईंनी वाचावे. आईचे वार्षिक पेन्शन १२० रुबल आहे. त्या पेन्शनवर उचल करून तिने मुलाला १५ रुबल पाठवले होते. बहीण दुन्या एका जमीनदाराच्या घरी मुलांना शिकवायला राहिली, तेव्हा तिने १०० रुबल आगाऊ घेतले आणि त्यांतले ६० भावाला पाठवले. ते फिटेपर्यंत घरमालकाने त्रास दिला तरी तिला नोकरी सोडता आली नाही. आता ती लुझिन नावाच्या माणसाशी लग्न करणार आहे, आणि हा माणूस पुढे भावाच्या उपयोगी पडेल अशी आईला आशा आहे. प्रत्येक आकडा मायेत गुंडाळलेला आहे. निपाणीकडे विड्या वळून मुलांच्या फिया भरणाऱ्या आया आहेत, सोने तारण ठेवून मुलाला शहरात पाठवणारी घरे प्रत्येक गावात आहेत. त्यामुळे हे पत्र आपल्या भागात वाचले जाताना शांतता होते आणि ती शांतता बोलून भरून काढण्याची घाई करू नये. खानापूरकडचा एक मुलगा बऱ्याच वेळाने म्हणाला, “सर, या पत्रात आई एकदासुद्धा रागावलेली नाही. तेच सोसत नाही.” चर्चा तिथून सुरू झाली.

बैठक संपताना प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर एकच ओळ लिहायची: हा माणूस मला कुठे ओळखीचा वाटला, पान क्रमांकासह. चिठ्ठी कोणाला दाखवायची नाही. दुमडून पाकिटात घालावी, पाकिटावर नाव लिहून बैठक चालवणाऱ्याकडे द्यावे. त्याची गरज शेवटी पडते.

घोडीचे स्वप्न

दुसऱ्या बैठकीत पाचव्या प्रकरणातले स्वप्न पूर्ण वाचून दाखवावे. लहानपणचा रोद्या वडिलांचा हात धरून चालला आहे, गुत्त्यातून बाहेर पडलेली माणसे एका मरतुकड्या घोडीला जुंपलेल्या गाडीत गर्दीने चढतात, ती ओढू शकत नाही म्हणून तिला मरेस्तोवर मारतात, आणि तो पोर धावत जाऊन तिच्या रक्ताळलेल्या तोंडाला मिठी मारतो. उसाच्या हंगामात चढावर अडलेली बैलगाडी चिकोडी-निपाणीच्या रस्त्यांवर ज्याने पाहिली आहे, त्याला हे चित्र परके नाही. आमच्यातले एक शेतकरी, ज्यांनी तरुणपणी स्वतः ऊस ओढला होता, वाचन संपल्यावर म्हणाले, “जनावर ओढत न्हाई म्हणून मारत न्हाईत. लोक बघत्यात म्हणून मारत्यात.” त्यांच्या या एका वाक्यावर आम्ही अर्धा तास बोललो. या स्वप्नातून जागा होताच रास्कोलनिकोव्ह आपला बेत सोडून देतो, आणि त्याच दिवशी परतताना बाजारात कानावर पडलेल्या एका संभाषणाने तो बेत पुन्हा त्याच्या मानेवर बसतो. ही दोन पाने शेजारी ठेवून वाचावीत. जो पोर घोडीसाठी रडला, तोच कुऱ्हाड उचलतो, आणि त्या दोघांमधले अंतर कुठल्या पानावर पडले, हे शोधणे हेच या बैठकीचे काम आहे.

खुनाचे सातवे प्रकरण मोठ्याने वाचू नये, असे माझे मत आहे. ते प्रत्येकाने घरी एकट्याने वाचून यावे.

तो आपला वाटू लागतो तेव्हा

तिसऱ्या बैठकीपर्यंत बहुतेक वाचक रास्कोलनिकोव्हच्या बाजूने झालेले असतात. दारिद्र्याने त्याला तिथे नेले, असे ते म्हणतात. सीमाभागातल्या वाचकांकडून याला आणखी एक जोड मिळते. आडनावातला दुभंग त्यांना लगेच जवळचा वाटतो, कारण शाळेची भाषा एक आणि कचेरीतल्या फॉर्मची दुसरी, १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून घराची नाळ एकीकडे आणि सातबाऱ्याचा उतारा दुसरीकडे, हे त्यांचे रोजचे जगणे आहे. हे बोलणे थांबवू नये, कारण ते खरे आहे आणि माणूस पुस्तकात अशाच दारांनी शिरतो. पण त्याला एका बैठकीपुरतीच जागा द्यावी. आमच्याकडे एकदा संध्याकाळ संपली तरी बोलणे सीमाप्रश्नावरून कादंबरीकडे परतले नाही, आणि रास्कोलनिकोव्ह कोपऱ्यात तसाच बसून राहिला. त्याचा दुभंग दोन राज्यांमधला नाही. जवळचे शेवटचे पैसे दुसऱ्याला देऊन टाकणारा हात आणि माणसांची बेरीज-वजाबाकी करणारे डोके, यांच्यामधला तो आहे.

वाचकांना तिथे परत आणण्यासाठी उपदेश करावा लागत नाही, पुस्तकातलीच तीन पाने उघडावी लागतात. पहिले पान दुसऱ्या भागातले आहे. रझुमिखिनही तितकाच गरीब आहे. तो रास्कोलनिकोव्हला जर्मनमधून अनुवाद करण्याचे काम देतो आणि ३ रुबल आगाऊ हातावर ठेवतो. रास्कोलनिकोव्ह ते घेतो, रस्त्यावर येतो, पुन्हा जिना चढतो, कागद आणि पैसे टेबलावर ठेवतो आणि एक शब्दही न बोलता निघून जातो. दुसरे पान लुटीचे. म्हातारीच्या गळ्यातली पैशांची थैली तो एका अंगणात दगडाखाली पुरतो, उघडूनही बघत नाही. पुढे खटल्याच्या वेळी तिच्यात ३१७ रुबल आणि २० कोपेकची तीन नाणी निघतात. तिसरे पान पाचव्या भागातले, जिथे तो सोनियाजवळ स्वतःच कबूल करतो की काम करून शिकता आले असते, रझुमिखिन करतोच आहे, पण आपण अडून बसलो. आणि आईला मदत करण्यासाठी आपण मारले नाही. ही तीन पाने झाल्यावर एकच प्रश्न विचारावा: आता तो तुम्हाला कुठे ओळखीचा वाटतो?

इथे माणसे अस्वस्थ होतात, आणि इथेच खरी चर्चा सुरू होते. कारण मदत नाकारण्यातला तो ताठा, ‘मी या लोकांसारखा नाही’ हा मनात जपलेला हट्ट, आणि जगात सामान्य माणसे व असामान्य माणसे असे दोन वर्ग असून असामान्यांना सर्व माफ असते हा त्याच्या लेखातला सिद्धांत, ही दारिद्र्यापेक्षा कितीतरी अवघड ओळख आहे. तो नेपोलियनचे नाव घेतो. आपण कोणाचे घेतो, हे ज्याने त्याने स्वतःशी पाहावे. मोठ्याने सांगण्याची सक्ती करू नये.

त्याच वेळी त्याचा चांगुलपणाही त्याच्या खात्यावर राहू द्यावा. अपघातात सापडलेल्या मार्मेलादोव्हच्या क्रियाकर्मासाठी तो आईकडून आलेल्या पैशांतले २० रुबल विधवेच्या हातावर ठेवतो. क्षयाने आजारी पडलेल्या एका गरीब सहाध्यायाला त्याने सहा महिने पोसले होते आणि आगीतून दोन मुलांना वाचवले होते, हे तर आपल्याला अगदी शेवटी, खटल्यात कळते.

या टप्प्यावर माणसे स्वतःविषयी बोलू लागतात: कर्जाविषयी, तुटलेल्या भावाविषयी, कोणाला न सांगितलेल्या एखाद्या वर्षाविषयी. आपली गावे लहान आहेत, सगळे सगळ्यांना ओळखतात. पहिल्या वेळी आमच्या बैठकीत कोणीतरी विश्वासाने सांगितलेली गोष्ट आठवड्याभरात गल्लीत पसरली आणि ती सांगणारा माणूस परत आला नाही. त्याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून पहिल्याच दिवशी सर्वांकडून शब्द घेतो की पुस्तकाविषयी बाहेर हवे तितके बोलावे, माणसांविषयी नाही. सहाव्या भागात दुन्याला त्रास देणारा तो जमीनदार, स्विद्रिगाइलोव्ह, आत्महत्या करतो. त्या आठवड्यात कोणी नेहमीपेक्षा गप्प झालेले दिसले, तर बैठकीनंतर त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जावे.

लिझावेता

माझा एवढा एकच आग्रह आहे, आणि तो मी सोडणार नाही: प्रत्येक बैठकीत लिझावेताचे नाव निघाले पाहिजे. म्हातारीच्या खुनाविषयी सगळे बोलतात, कारण नायकाचा सिद्धांत तिच्याविषयी आहे. लोकांना छळणारी एक सावकारीण गेली तर जगाचे काय बिघडते, असा तो हिशेब आहे. पण त्याने दोघींना मारले. अवेळी घरी परतलेली लिझावेता कुठल्याच हिशेबात नव्हती. कुऱ्हाड उगारली जाते तेव्हा तिला तोंड झाकण्याचेही सुचत नाही. ती फक्त रिकामा डावा हात थोडासा पुढे करते.

पुढे त्याच्या घरची मोलकरीण नास्तास्या त्याला सहज सांगून जाते की लिझावेता इथे येत असे, तुझा फाटका सदरासुद्धा तिनेच सांधून दिला होता. हे वाक्य लहान आहे आणि घाईत निसटते, म्हणून त्यावर बोट ठेवून थांबावे. ज्याच्या अंगावर तिच्या हातचे टाके होते, त्याने तिला मारले. सोनियाकडे असलेला बायबलचा नवा करार तिनेच आणून दिलेला, आणि दोघींनी आपसात गळ्यातले क्रूसही बदललेले. रास्कोलनिकोव्ह स्वतः एका ठिकाणी नवल करतो की आपल्याला लिझावेताची आठवण जवळजवळ येतच नाही, जणू आपण तिला मारलेच नाही. वाचकांचेही नेमके तेच होते. आमच्या पहिल्या वाचनात चौथ्या बैठकीपर्यंत तिचे नाव कोणीच घेतले नव्हते, मी सुद्धा नाही. एखादा नायक मनात घर करतो तेव्हा त्याचे विसरणेही आपल्यात उतरते, आणि त्याच्याशी जवळीक वाटणे कुठे थांबवायचे हे ठरवायला लिझावेताइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही होत नाही.

सोनियाच्या खोलीत

चौथ्या भागात सोनिया त्याला बायबलमधली, मेलेल्या लाजरसला येशूने जिवंत केल्याची कथा वाचून दाखवते. ती योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात आहे. आपल्या भागात ख्रिस्ती शेजारी आहेत. त्यांच्यापैकी कोणाला बोलावून ती कथा त्यांच्या तोंडून ऐकावी. मेल्याला चार दिवस झाले होते, यातल्या ‘चार’ या शब्दावर सोनिया जोर देते, हे त्यानंतर लक्षात राहते.

कबुलीच्या प्रसंगात सर्वनामांकडे पाहावे. रशियनमध्येही तू आणि तुम्ही असा भेद आहे, आणि इंग्रजीत तो हरवतो. एरवी त्याला ‘तुम्ही’ म्हणणारी सोनिया खुनाची गोष्ट कळताच ‘तू’ वर येते: आता तुझ्याहून दुःखी या जगात कोणी नाही, असे ती म्हणते. मराठीत वाचणाऱ्यांनी आपल्या प्रतीत हा बदल उतरला आहे का ते शोधावे आणि इंग्रजीत वाचणाऱ्यांना सांगावे.

शीर्षकातल्या गुन्ह्याला असलेल्या रशियन शब्दाचा मूळ अर्थ ओलांडणे असा आहे. आपल्याकडेही पायरी ओलांडणे म्हणतात, आणि दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो ते शुभ मानून करतो. आमची सहावी बैठक दसऱ्याच्या आसपासच आली होती, त्यामुळे कोणते ओलांडणे माणसाला मोठे करते आणि कोणते त्याला माणसांतून उठवते, हे बोलणे आपोआप निघाले. वाल्या कोळ्याची आठवणही कोणी ना कोणी काढतेच. तुझ्या पापात आम्ही वाटेकरी नाही, असे वाल्याच्या घरचे म्हणतात. इथे आई आणि बहीण न मागताच प्रेमाने वाटेकरी होऊ पाहतात. तुलना तिथपर्यंत चांगली जाते. त्यापुढे ती सोडून द्यावी, कारण वाल्याला पश्चात्ताप होतो आणि रास्कोलनिकोव्हला कबुलीनंतरही बराच काळ होत नाही. सोनियाने सांगितल्याप्रमाणे तो बाजारातल्या चौकात गुडघे टेकून जमिनीचे चुंबन घेतो, पण ‘मी खुनी आहे’ हे शब्द लोकांच्या हसण्यामुळे त्याच्या ओठांतच राहतात.

शेवटची बैठक

उपसंहाराची प्रकरणे दोनच आहेत, ती बसून एकत्र वाचावीत. शिक्षा आठ वर्षांची सक्तमजुरी. सैबेरियात तो आजारी पडतो, इतर कैदी त्याच्याशी फटकून वागतात, आणि त्याला गुन्ह्याची नाही, आपण हरलो याची लाज वाटत राहते. मग एके सकाळी नदीकाठी काहीतरी बदलते. तो बदल अचानक आला असे काहींना वाटते, काहींना तो पहिल्या भागातल्या घोडीपासूनच येत होता असे वाटते. मी दुसऱ्या मताचा आहे, पण बैठक चालवणाऱ्याने आपले मत शेवटी सांगावे. उशीखालचा नवा करार त्याने अजून उघडलेला नाही आणि शिक्षेची सात वर्षे बाकी आहेत, एवढे सर्वांनी नीट पाहावे.

त्यानंतर पाकिटे परत द्यावीत. प्रत्येकाने आपली पहिल्या दिवसाची चिठ्ठी मनातल्या मनात वाचावी आणि वाटल्यास तिच्याखाली आणखी एक ओळ लिहावी. वाचून दाखवणे ऐच्छिक ठेवावे. आमच्याकडे चौघांनी वाचून दाखवल्या. अण्णांनी पहिल्या दिवशी लिहिले होते: ‘पहिला भाग, घड्याळ गहाण ठेवताना.’ त्याखाली त्यांनी पेनाने नवी ओळ घातली आणि चश्मा काढून ती वाचली: ‘त्या वेळी पेढीच्या आतल्या बाजूला मी बसलेलो होतो.’